तीन नंबर, शनिवार

म्हातारा डोळे मिटून बसला होता. पाठ टपरीच्या बंद शटरला टेकलेली, टोपी मांडीवर, पाय पुढे पसरलेले. डोंगरावरच्या पायवाटेने येणाऱ्या दोन जर्मन बायकांना वाटलं, थकून झोपलाय. झोपमोड नको म्हणून त्या हळूच पुढे गेल्या. मग एकीला राहवेना. ती मागे फिरली आणि तिने त्याच्या खांद्याला हात लावला.

जूनचा पहिला शनिवार. दुपारचा सव्वा वाजला होता. ऊन असं, की दगडावर हात टेकवत नव्हता.

म्हाताऱ्याच्या खिशात हृदयाच्या गोळ्यांची डबी होती, रुमाल होता आणि घड्या घातलेला एक पिवळा कागद होता. पाण्याची बाटली नव्हती. का नव्हती, ते कागदातच लिहिलं होतं.

‘९.४०ची बोट, पुंता ग्रिजापर्यंत. तिथून वरच्या वाटेने चालत वाल्स्कूरा. पाणी बरोबर घेऊ नका, उगाच ओझं. अर्ध्या वाटेवर बीचेच्या टपरीत थंडगार लिंबूपाणी मिळेल. वाल्स्कूराहून २.१२ची गाडी. समुद्राच्या बाजूला बसा.’

बीचे वारली त्याला तीन वर्षं झाली. टपरीचं शटर तेव्हापासून वर गेलेलं नाही. आणि पुंता ग्रिजाच्या धक्क्यावरून त्या वाटेला लागायचं म्हणजे सहाशेवर पायऱ्या. तिथे गाडी नाही, परतीची बोट थेट पाच वाजता. एकदा उतरलेल्या माणसाने चालावं, नाहीतर उन्हात बसून राहावं.

कागदावरचं अक्षर सेरोला गावातलं शेंबडं पोरही ओळखेल. ते फुल्वियाचं होतं.

*

पोलीस चौकीचा प्रमुख मरेशल सान्ना. त्याने चार वाजता इल्देला फोन लावला. ‘तुमची मैत्रीण एकच वाक्य बोलतेय,’ तो म्हणाला. ‘मीच मारलं त्यांना, म्हणतेय. तुम्ही या.’

इल्दे एकतीस वर्षं या किनाऱ्यावरच्या गाड्यांत तिकीट तपासनीस होती. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी ती समोर आली की अजून लोकांचा हात आपसूक खिशाकडे जातो. बाई फटकळ. फुल्विया आणि ती पहिलीपासून एका बाकावरच्या.

फुल्वियाचं घर स्टेशनच्या मागे, चार खोल्यांचं. पाहुणे वर्षानुवर्षं तिथेच उतरायचे, आणि ते काही गाद्यांसाठी नाही. ते यायचे फुल्वियाच्या कागदांसाठी. रोज संध्याकाळी ती प्रत्येक पाहुण्याचा दुसरा दिवस आखायची. जाताना बोट, कारण सकाळी समुद्र शांत. येताना गाडी, कारण दुपारनंतर वारा फिरला की बोटवाले सरळ हात वर करतात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला बोट लागते, कुणाला देवळं नकोत, सगळं तिच्या डोक्यात. सावलीचं बाकडंसुद्धा कागदावर असायचं.

आता कागद. आम्ही या किनाऱ्याची माणसं चिकट, जगजाहीर आहे, लपवायचं काय? गेल्या मोसमातली बोटींची उरलेली पिवळी वेळापत्रकं फुल्विया धक्क्यावरून फुकट आणायची, चौघडी कापायची आणि कोऱ्या बाजूला लिहायची. लिहिलेलं आत ठेवून घडी घालायची, वर छापील बाजूच्या खालच्या कोपऱ्यात खोलीचा नंबर आणि वार लिहायची, आणि रात्रीच ती घडी न्याहारीच्या कपाखाली सरकवायची. पाहुण्याने संध्याकाळी कागद परत करायचा, काय जमलं, काय नाही ते सांगायचं. मग तो कागद स्वयंपाकघरातल्या बिलं टोचायच्या तारेला. मोसम संपला की तारेवरचा सगळा गठ्ठा बुटांच्या खोक्यात. अशी एकवीस खोकी माळ्यावर होती.

इल्दे आली तेव्हा फुल्विया त्या तारेसमोरच बसली होती. एकाहत्तर वर्षांची बाई, एका दुपारभरात नव्वदीची दिसायला लागली होती.

‘काय लिहिलं होतंस त्याला?’ इल्देने विचारलं.

‘मला आठवतं ते वेगळंच आहे, इल्दे. मला आठवतं, वाल्स्कूराला बोटीने जा, देवळामागच्या झाडाखाली बसा, नेल्लोकडे मासे खा, तीनच्या गाडीने परत या. एक पायरी चढायची नव्हती.’

‘मग?’

‘मग काय? अक्षर माझं आहे ना. डोक्यात एक आणि हातात भलतंच. अकरा वर्षं येत होता बिचारा तेदाल्दी. मी सांगितलं असतं तर समुद्रावरून चालत गेला असता.’

असं पहिल्यांदा घडलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी, एका शनिवारी, तिने एका बाईला अशा गाडीला पाठवलं होतं जी दोन वर्षांपूर्वीच बंद झाली होती. पुढच्या आठवड्यात, रविवारी, एक डेन्मार्कचं जोडपं दोन तास चुकीच्या धक्क्यावर उभं राहिलं. दोन्ही वेळा अक्षर फुल्वियाचं. दोन्ही वेळा ती रडली, माफी मागितली आणि कागद न बघताच तारेला टोचला.

साठी बुद्धी नाठी, गाव म्हणायला लागला. इथे तर सत्तरी उलटलेली.

*

फुल्वियाचा मुलगा कोर्रादो, बेचाळीस वर्षांचा, जेनोव्हात एका कचेरीत कामाला. शुक्रवारी संध्याकाळी यायचा, रविवारी रात्री जायचा. वसंतापासून एकही शनिवार-रविवार त्याने चुकवला नव्हता. गावात त्याचं नाव होतं. आईसाठी पोरगा किती धावतो म्हणून. डॉक्टर त्यानेच शोधला होता. मंगळवारी सकाळी दहाला तो डॉक्टर फुल्वियाला तपासणार होता. कागदावर ‘स्वतःचं बघायला असमर्थ’ असं पडलं, की घराचा कारभार कोर्रादोकडे आणि फुल्विया डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात.

शनिवारी संध्याकाळी दारातच त्याने इल्देला गाठलं. डोळे लाल होते.

‘मावशी, मी आता कुठे कुठे पुरा पडू? तिने परत काही केलं तर मला लगेच कळव. नंबर बदललाय माझा.’ त्याने पाकिटातून पिवळ्या कागदाचा अर्धा तुकडा काढला, भिंतीवर धरून नंबर लिहिला आणि तिच्या हातात दिला. तिने तो चष्म्याच्या डबीत ठेवला.

घरी जाताना इल्देला मन खात होतं. एप्रिलमध्ये धक्क्यावर तिनेच कोर्रादोला सांगितलं होतं, बाबा रे, तुझ्या आईने परवा चुलीवर भांडं जाळलं, लक्ष ठेव. बोलून गेली होती. आता वाटत होतं, तेव्हाच हात धरून डॉक्टरकडे नेली असती तर तेदाल्दी जिवंत असता.

म्हणजे तिनेही मैत्रिणीला वेडी ठरवलं होतं. ते तिला पुढे आयुष्यभर लागलं.

*

रविवार तसाच गेला. सोमवारी सकाळी यादिरा कामावर आली. मूळची इक्वादोरची, नऊ वर्षं इथे. सोमवार ते शनिवार सकाळची न्याहारी तीच बघायची. मरेशलने तिला खोदून खोदून विचारलं. इल्दे शेजारी बसली होती.

‘कप कोण मांडतं?’

‘सिन्योरा फुल्विया. रात्रीच. मी फक्त कॉफी ओतते.’

‘शनिवारी तेदाल्दींच्या कपाखाली घडी होती?’

‘होती. वर लिहिलं होतं, तीन, शनिवार. त्यांनी उघडून वाचली आणि हसले. म्हणाले, फुल्वियाने आज मला तरुण केलंय.’ एवढं बोलून यादिराने डोळे पुसले.

‘तुझ्याआधी खाली कोण होतं?’

‘कोर्रादोच. घरी असले की तेच आधी उठतात, आपली कॉफी आपण करतात.’

तीन नंबरच्या खोलीत याआधी कोण होतं, हे इल्देने विचारलं. कुणी नाही, यादिरा म्हणाली. छत गळत होतं, मोसमभर बंद होती. तेदाल्दी येणार म्हणून घाईने रंग दिला. गुरुवारी उघडली, तेव्हा तेच पहिले.

मरेशलने वही मिटली. त्याच्या मते प्रकरण संपलं होतं. म्हातारीचा मेंदू, म्हाताऱ्याचं हृदय. खटला भरायला कुणी नाही, फक्त वाईट वाटून घ्यायचं. पियाचेन्झाहून तेदाल्दीची बहीण येणार होती, तिला वस्तू द्यायच्या होत्या. त्याने पाकीट उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडली. डबी, रुमाल, कागद.

इल्देने कागद उचलला. सवयीने उजेडात धरला.

‘हे भोक कसलं?’

‘काटा लागला असेल. वाट सगळी झुडपांची आहे.’

‘काट्याने कागद फाटतो, मरेशल. हे गोल आहे.’

‘बरं, गोल. मग?’

इल्दे उठली. तिने आयुष्यात लाखो तिकिटांना भोक पाडलं होतं. भोक पडलेलं तिकीट हातात आलं की तिला एकच गोष्ट कळायची, आणि ती तिला आत्ताही कळली होती.

ती फुल्वियाच्या स्वयंपाकघरात गेली. तारेवरचा गठ्ठा वरून खाली उतरवला आणि यंदाच्या मोसमातला एकेक कागद खिडकीशी धरून पाहिला. चाळीसपेक्षा जास्त होते. प्रत्येकाला एक भोक. फक्त दोन कागदांना दोन दोन.

ते दोन कागद कुठले, ते बघायला तिला वाचावंही लागलं नाही. तरी तिने वाचले.

मग बाहेर स्टेशनच्या बाकावर जाऊन बसली. आता कोर्रादोला फोन करावा, मंगळवारचा डॉक्टर पुढे ढकलायला सांगावं, असं तिच्या मनात आलं. तिने चष्म्याची डबी उघडली, त्याने दिलेला तुकडा काढला. नंबर लावायच्या आधी तिने तो सहज उलटून पाहिला.

तिने फोन केला नाही. दोन गाड्या येऊन गेल्या, ती उठली नाही.

*

संध्याकाळी सहाला ते पाच जण स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती बसले. फुल्विया, कोर्रादो, यादिरा, मरेशल आणि इल्दे. मरेशलने बोलावून घेतलेला कोर्रादो घड्याळ बघत होता. उद्या सकाळी डॉक्टर आहे, आईला लवकर झोपू द्या, असं दोनदा म्हणाला.

इल्देने तेदाल्दीच्या खिशातला कागद टेबलावर सरळ केला.

‘यादिरा, कागद तारेला कधी टोचतात?’

‘संध्याकाळी. पाहुणे परत आले की.’

‘आणि परत न आलेल्याचा?’

मरेशल पुढे वाकला.

‘हा माणूस परत आलाच नाही,’ इल्दे म्हणाली. ‘मग त्याच्या खिशातल्या कागदाला तारेचं भोक कुठून आलं? मी सांगते. हा प्रवास आधी एकदा होऊन गेलेला आहे. चार-पाच वर्षांपूर्वी तीन नंबरात कुणीतरी धडधाकट पोरं उतरली होती. बीचे जिवंत होती, लिंबूपाणी मिळत होतं. त्यांनी हा कागद परत केला, फुल्वियाने तारेला टोचला, तो खोक्यात गेला. शुक्रवारी रात्री कुणीतरी तो खोक्यातून काढला आणि कपाखालच्या खऱ्या कागदाच्या जागी ठेवला. नंबर जुळला, वार जुळला, अक्षर तर तिचंच. वापरलेलं तिकीट पुन्हा चालवलं.’

तिने दुसरे दोन कागद पुढे ठेवले. बंद गाडीचा आणि चुकीच्या धक्क्याचा. दोन्हींना दोन दोन भोकं. एक जुन्या वर्षातलं, एक यंदाचं.

फुल्वियाने हात पुढे केला. एका भोकावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून.

‘म्हणजे मी लिहिलं नव्हतं?’

‘तू लिहिलं होतंस. तेव्हा, आणि बरोबर. आत्ताही तू बरोबरच लिहीत होतीस. तुझं डोकं जागेवर आहे, बाई. आमचीच गेली होती.’

‘पण हे करेल कोण?’ कोर्रादो म्हणाला. मग त्याची नजर यादिराकडे वळली. ‘न्याहारी तर हीच बघते.’

‘डेन्मार्कच्या जोडप्याची चूक रविवारी झाली. यादिरा रविवारी येत नाही,’ इल्दे म्हणाली. ‘तिन्ही चुका शनिवारी नाहीतर रविवारी. सोमवार ते शुक्रवार तुझी आई एकदाही चुकली नाही. म्हातारपण काय सुट्टीचे वार बघून येतं?’

कोर्रादोचा आवाज चढला. शनिवार-रविवारी घरात पाहुणेही असतात, कुणीही माळ्यावर जाऊ शकतं, हा कसला पुरावा, भोकांवरून माणसाला फासावर देणार का. मरेशलनेही मान हलवली. तेवढं पुरेसं नाही, सिन्योरा, तो हळूच म्हणाला.

इल्देने चष्म्याची डबी उघडली.

‘हा तुझा नवा नंबर. शनिवारी तू मला दिलास. तुझंच अक्षर ना?’

‘हो. मग?’

तिने तुकडा उलटला. छापील बाजूला गेल्या वर्षीचं बोटींचं वेळापत्रक, सालासकट. आणि खालच्या कोपऱ्यात, छापील आकड्यांच्या गर्दीत, निळ्या शाईत बारीक अक्षर. तीन, शनिवार.

मरेशलने तुकडा जवळ ओढून वाचला.

‘हा या वर्षीचाच कागद आहे,’ इल्दे म्हणाली. ‘गेल्या वर्षीच्या वेळापत्रकावर ती यंदा लिहिते. आणि यंदा तीन नंबरची खोली गुरुवारी उघडली, म्हणजे तीन नंबरचा शनिवार आत्तापर्यंत एकच झाला. हा तेदाल्दीचा खरा कागद आहे. वरचा अर्धा, देवळामागच्या झाडाचा आणि नेल्लोच्या माशांचा, तो तू नाहीसा केलास. खालचा अर्धा आतून कोरा होता. कोरा कागद तुला टाकवला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, कोर्रादो. तुझ्या आजीने तुला शिकवलं, आईने शिकवलं. आपल्यातल्या कुणीही टाकला नसता.’

कोर्रादो त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. घर घ्यायला एक हॉटेलवाला तयार होता. आई म्हणायची, मी मेल्यावर विक. इल्देमावशीने भांडं जळल्याचं सांगितलं तेव्हा डोक्यात किडा शिरला. पाहुण्यांनी दोन-चार तक्रारी कराव्यात, आईने स्वतःच म्हणावं की आता मला झेपत नाही, एवढंच हवं होतं. वरचा अर्धा कागद त्याने चुलीत जाळला होता.

‘मला वाटलं, तो वाचून हसेल,’ तो म्हणाला. ‘आईला हाक मारेल, म्हणेल, फुल्विया, हे काय लिहिलंस. बोटीत बसेल असं वाटलंच नाही. मावशी, शप्पथ. कोणता शहाणा माणूस त्या पायऱ्या चढेल?’

‘जो तिच्यावर विश्वास ठेवायचा तो,’ इल्दे म्हणाली. ‘आणि तू कॉफी पीत बसला होतास ना तिथे? तो टोपी घालून बाहेर पडला तेव्हा? एका शब्दाने थांबला असता.’



इल्देला वाटलं होतं, आता फुल्वियाच्या छातीवरचा दगड उतरेल. दोन दिवस ती या क्षणासाठीच पळत होती. पण फुल्वियाने तिच्याकडे पाहिलं त्यात आभार नव्हते.

‘मला वेड लागलं असतं तर बरं झालं असतं, इल्दे,’ ती म्हणाली. ‘वेडी आई चालली असती मला.’

*

मरेशलने कोर्रादोला गाडीत बसवलं. त्याला जेनोव्हाला न्यायाधीशांपुढे उभं करणार होते. यादिराने कप धुतले आणि रडत घरी गेली. इल्दे दारात घुटमळत राहिली. जावं की थांबावं, तिला कळेना.

फुल्वियाने टेबलाच्या खणातून एक पिवळा कागद काढला. चष्मा लावला. मरेशलने सांगितलं होतं, तुरुंगात भेटीची वेळ बुधवारी साडेनऊपासून. ती लिहू लागली, न थांबता, नेहमीसारखी. लिहून झाल्यावर तिने कागद इल्देकडे सरकवला.

‘बघ, बरोबर आहे का.’

‘७.०४ची गाडी. सेस्त्रीला उतरू नका, तीच गाडी जेनोव्हापर्यंत जाते. स्टेशनबाहेर उजवीकडे बस मिळेल. धुतलेले शर्ट दोन, पट्टा नको, आत घेत नाहीत. पाणी बरोबर घ्या. परत १२.२०.’

इल्देने भिंतीवरचं गाड्यांचं वेळापत्रक काढून प्रत्येक वेळ दोनदा ताडून पाहिली. एका मिनिटाची चूक नव्हती.

‘बरोबर आहे,’ ती म्हणाली.

फुल्वियाने घडी घातली. कोपऱ्यात वार लिहिला, बुधवार. खोलीच्या नंबराच्या जागी क्षणभर पेन थांबलं, मग तिने तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि घडी आपल्या कपाखाली ठेवली.